लंबूवर पाळत

माझी आत्या नवीन स्टूल घरी आलं की आधी ते उलटं करून बघते. दुकानदाराने चार पाय धड आहेत म्हटलं म्हणजे ते धड असतीलच असं ती धरून चालत नाही. राँग नंबर आला तर समोरचा माणूस माफी मागून फोन ठेवायच्या आत ती त्याचं नाव, धंदा आणि हा नंबर कुठून मिळाला ते विचारून घेते. शेजारीण जिन्यात हसून बोलली की दार लावून घेतल्यावर आत्या मला विचारते, "हिला आज काय हवं असेल?" आणि खरी पंचाईत अशी की तासाभराने शेजारीण शिडी मागायला येतेच. आत्या दरवेळी चुकली असती तर तिचं तोंड बंद करता आलं असतं. ती अधूनमधून बरोबर निघते, म्हणून सगळा घोळ.

यात तिच्या नोकरीचाही हात आहे. तिने सारा जन्म काचेच्या कारखान्यात काढला. पट्ट्यावरून बाटल्या सरकत येतात, त्यांच्यामागे पांढरा उजेड असतो, आणि त्या उजेडात बुडबुडा, खडा, मानेपाशी केसाएवढी चीर शोधून ती बाटली उचलून बाजूला टाकायची, हे तिचं काम. सगळ्यात चकचकीत दिसेल तिच्यावर जास्त लक्ष ठेवायचं, असं ती नव्या मुलींना शिकवायची. कारखाना सुटल्यावर माणसांच्या बाबतीतही तिचा हाच नियम.

आई गेल्यावर माझ्या वडिलांनी वर्षाच्या आत दुसरं घर मांडलं. त्या घरात मी अडचण व्हायला लागले तेव्हा आत्या आली, माझं दप्तर उचललं आणि "चल" म्हणाली. तेव्हापासून आम्ही दोघी चौथ्या मजल्यावरच्या या दोन खोल्यांत. तिने लग्न केलं नाही. एक-दोन स्थळं आली होती म्हणे, पण तिने त्यांची इतकी चौकशी केली की त्यांनीच नकार कळवला.

तर अशा बाईच्या घरात परदेशी जावई आला, आणि आणला तोही तिनेच.

झालं असं की कारखान्याने बाटल्या तपासायचं कॅमेऱ्याचं मशीन बाहेरच्या देशातून मागवलं. ते बसवायला एक उंच, मान वाकवून चालणारा माणूस आला. मशीनला दोष कसा दिसतो हे शिकवायचं तर दोष कळणारं माणूस हवं, म्हणून साहेबांनी त्याला आत्याशेजारी उभं केलं. आत्या बाटली उचलून दाखवायची, तो मशीनला सांगायचा. आपलंच काम आपल्याच हाताने दुसऱ्याच्या घशात घालतोय हे काही न कळण्याइतकी ती भोळी नव्हती. "याच्या मनात काय आहे ते बघते," म्हणून तिने त्याला एकदा घरी जेवायला बोलावलं. तो स्वयंपाकघराच्या चौकटीला डोकं आपटून आत आला, "माफ करा" असं चौकटीलाच म्हणाला, आणि मी हसले. पुढचं काय सांगायचं! आत्याने त्याचं नाव लंबू ठेवलं, आणि लग्न ठरलं तेव्हा तिचं एकच वाक्य होतं, "आधी नोकरी खाल्लीन, आता भाची."

मशीन सुरू झालं आणि लंबूचा कामाचा परवाना संपला. आता त्याला इथे राहायचं तर बायको म्हणून मी अर्ज करायचा, त्याची हमी घ्यायची आणि सरकारने हे लग्न खरं आहे असं मानायचं. ते होईपर्यंत त्याने कुठेही काम करायचं नाही. नकार आला तर त्याला परत जावं लागणार. आणि तो गेला तर मीही त्याच्याबरोबर जाणार, हे मी आत्याला अर्ज केला त्याच दिवशी सांगून टाकलं.  उठून तिने गॅस बंद आहे का ते बघितलं.

मग सुरू झालं वाट बघणं. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, सकाळी जाते ती संध्याकाळीच येते. मशीनने आत्याचं काम निम्म्यावर आणलं होतं. मशीनने बाद केलेल्या बाटल्या पुन्हा बघायला तिला सकाळचं थोडा वेळ बोलवायचे. म्हणजे दिवसभर घरात कोण, तर काम करायची बंदी असलेला लंबू आणि काम उरलं नाही म्हणून चिडलेली आत्या. मांजराला आणि उंदराला एका पिंजऱ्यात ठेवलं, आणि त्यातलं मांजर कोण हे सांगायची गरज नाही.

मी घरी आले की आत्या चहाचा कप हातात देऊन अहवाल द्यायची. "आज दोनदा दाढी केली. कशाला?" "बेसिन पुसून ठेवतो. एक केस सापडत नाही. ज्याला काही लपवायचं नसतं तो माणूस एवढं पुसत बसतो का?" "फोन आला की जिन्यात जातो." मी वैतागून म्हणायचे, "अगं, आईशी बोलतो तो." त्यावर आत्या म्हणायची, "आईशी बोलायला जिना लागतो?"

तिने त्याला घराची किल्लीही दिली नव्हती. "परवानगी येऊ दे, मग बघू," म्हणायची. बाहेर जाऊन आला की तो स्वतःच्याच घराची बेल वाजवायचा, आणि आत्या आतून विचारायची, "कोण?" तोही शहाणा, न कंटाळता सांगायचा, "आत्या, मी आले." आमच्या भाषेतले स्त्रीलिंग-पुल्लिंग त्याने माझ्याकडून उचलले होते.

कोणी म्हणेल आत्याचा स्वभावच तसा, तुला काय झालं होतं? तेच तर सांगतेय. संशय घरातल्या खोकल्यासारखा असतो, एकाला झाला की दुसऱ्याच्या घशात खवखवायला लागतो. दुकानातली माझी मैत्रीण म्हणाली, तिच्या नात्यातल्या एकीने असाच परदेशी नवरा केला. कागद हातात पडले आणि तो त्याच आठवड्यात दुसऱ्या शहरात पसार. मी तिला वाट्टेल तसं बोलले. पण त्या रात्री लंबूने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि मी बघत राहिले. रोजच तो तसा ठेवायचा, हे मला माहीत होतं. तरी बघत राहिले. वर सरकारही आमच्यावर संशय घेणारच, म्हणजे सगळे एकाच बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला हा वाकलेल्या मानेचा माणूस. मला त्याची कीव यायची आणि त्याच्यावर रागही यायचा.

अर्जाचं काम बघणाऱ्या वकीलबाईंनी सांगून ठेवलं होतं, "घर बघायला कोणीतरी येईल. आधी कळवणार नाहीत. दोघं खरंच एकत्र राहता का, एवढंच त्यांना बघायचं असतं. घर जसं असतं तसं राहू द्या." मी ते आत्याला शब्दाला शब्द सांगितलं. तिने एवढंच ऐकलं की सरकारी माणसं घरी येणार.

ती माणसं आली माझ्या सुट्टीच्या दिवशी. मी आंघोळीला गेले होते आणि लंबू पाव आणायला खाली गेला होता. आत्याला खिडकीतून दिसलं की एक बाई आणि एक माणूस, काखेत फायली, खालच्या दारावरच्या पाट्या वाचतायत. चार मजले चढून यायला माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तिच्याकडे होता. तेवढ्यात तिने काय केलं? घर आवरलं. दारातले लंबूचे होडीएवढे बूट, खुंटीवरचा त्याचा कोट, दोरीवरच्या चड्ड्या, खुर्चीवरचा सदरा, कपाटातले त्याचे दोन-चार कपडे, बेसिनवरचा त्याचा वस्तरा आणि ब्रश, सगळं एका खोक्यात कोंबलं आणि खोका माळ्यावर ढकलला. परक्यांसमोर पसारा नको! तिच्या दृष्टीने पसारा म्हणजे लंबूच्या वस्तू.

मी ओल्या केसांनी बाहेर आले तर पाहुणे खुर्च्यांवर बसलेले आणि घर आरशासारखं लख्ख. त्या बाईंनी कपाट उघडायला सांगितलं. कपाटात माझे कपडे होते. त्यांच्या बाजूला एक मोकळा हँगर लटकत होता. तो माणूस न्हाणीघराबाहेरच्या बेसिनपाशी जाऊन आला आणि म्हणाला, "ब्रश दोनच आहेत." दोन म्हणजे माझा आणि आत्याचा.  मी आत्याकडे बघितलं, तर ती समाधानाने हात पुसत उभी.

"तुमचे यजमान कुठे असतात?" बाईंनी विचारलं. असतात, म्हणाल्या. आहेत असं नाही म्हणाल्या.

तेवढ्यात बेल वाजली आणि आत्याने सवयीने हाक मारली, "कोण?"

"मी आले," बाहेरून आवाज आला.

त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. नवरा स्वतःच्या घराची बेल वाजवतो, घरातली माणसं तो कोण म्हणून विचारतात, आणि घरात त्याची एक चिंधी सापडत नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही विश्वास ठेवला नसता.

मग त्यांनी आम्हाला वेगळं केलं. लंबूला त्या माणसाने जिन्यात नेलं. मला स्वयंपाकघरात बसायला सांगितलं आणि बाई बाहेरच्या खोलीत आत्यासमोर बसल्या. आमचं मधलं दार नीट लागत नाही. मला सगळं ऐकू येत होतं.

"तुमचा या जावयावर विश्वास आहे का?" बाईंनी विचारलं.

"मुळीच नाही," आत्या म्हणाली.

मी ओट्याला धरून उभी राहिले. संपलं, असं मला वाटलं.

"का नाही?"

"का नाही?" आत्याला आजवर कोणी हा प्रश्न नीट विचारलाच नव्हता. तिने खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. "एक तर हा माणूस भांडत नाही. लग्न झालेला माणूस भांडत नाही म्हणजे काय? मी एकदा मुद्दाम सूप खारट केलं. वाटी पुसून खाल्लंन. वर आणखी मागितलंन! सकाळी उठतो तो चवड्यांवर चालतो, हिची झोप मोडेल म्हणून. चोरासारखा. मी दचकते ना. आंघोळीला हिच्यानंतर जातो आणि गार पाण्याने करतो, आणि विचारलं तर म्हणतो मला गारच आवडतं. खोटं. मी बाहेरून ऐकलंय, कुडकुडतो. झोपेत दात खातो."

"झोपेतलं तुम्हाला कसं कळतं?"

"मधली भिंत पातळ आहे. दर गुरुवारी आईचा फोन येतो, की हा जिन्यात. मी गेले एकदा मागून. त्याची भाषा मला कळत नाही, पण फोन ठेवल्यावर पायरीवर डोकं धरून बसून राहतो. मग वर येतो तो हसत! आत एक, बाहेर एक. पावाच्या कडा खातो आणि मधला मऊ भाग हिला ठेवतो. हिच्या लक्षातही येत नाही. मला खोकला झाला होता तेव्हा तीनदा उठून दाराशी येऊन उभा राहिला. बोलला काही नाही. कशाला उभा होता? मी मेले का ते बघायला?"

बाईंचं लिहिणं थांबलं असावं. त्यांनी विचारलं, "हे सगळं तुम्ही कधीपासून बघताय?"

"लग्न झालं तेव्हापासून. रोज. मला दुसरा उद्योग काय आहे? माझं काम यानेच तर निम्मं केलंय."

"आणि त्यांच्या वस्तू?"

"माळ्यावर."

"माळ्यावर का?"

"तुम्ही येत होतात ना. पाहुण्यांसमोर चड्ड्या लटकवून ठेवू?"

 मग बाईंनी अगदी कोरड्या आवाजात विचारलं, "म्हणजे यांना परवानगी देऊ नये असं तुमचं म्हणणं आहे?"

आत्याने खुर्ची मागे सरकवल्याचा आवाज आला. 

"तसं मी कुठे म्हटलं?" ती म्हणाली. "नाही दिलीत तर ही पण जाईल त्याच्याबरोबर. सांगून ठेवलंय तिने. आमच्या मुलीला काही दिसत नाही हो, डोळे मिटून विश्वास टाकते. तिकडे त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार? द्या परवानगी. असू दे इथे. दोघंही माझ्यासमोर असू देत." 

डोळे मिटून विश्वास टाकते! मी तिथे ओट्यापाशी उभी होते आणि मला लाज वाटत होती. आत्या संशय घ्यायची तो बघून बघून. मी न बघता घेत होते. पावाच्या कडांचं मला खरंच माहीत नव्हतं.

बाईंनी माळ्यावरचा खोका खाली काढायला लावला. लंबूनेच हात वर करून तो काढला, आणि त्याचे स्वतःचे बूट, ब्रश आणि चड्ड्या त्या दोघांसमोर जमिनीवर ओतल्या गेल्या. बाईंच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. त्यांनी सगळं टिपून घेतलं, आत्याला नमस्कार केला आणि गेल्या.

"गोड बोलून गेली," आत्या दार लावत म्हणाली. "मला नाही भरवसा."

मग मात्र माझा तोल सुटला. "मुद्दाम केलंस ना? त्याला हाकलतील म्हणून सगळं लपवलंस ना?"

"मुद्दाम करायचं असतं तर खोका खिडकीतून टाकला असता," ती म्हणाली. "परकी माणसं आली आणि दारात पुरुषाचे बूट? काय म्हणतील लोक?"

"अगं, त्यांना तेच बूट बघायचे होते!"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला खरंच आत्ता कळलं, का तिला आधीपासूनच माहीत होतं, ते मी अजून ठरवू शकलेले नाही. लंबू मध्ये पडला नाही. तो बूट दारात होते तसे लावत होता. दुसऱ्या दिवशी आत्या किल्लीवाल्याकडून नवी किल्ली करून घेऊन आली आणि त्याच्यापुढे आपटली. "बेल वाजवत जाऊ नकोस. शोभत नाही," म्हणाली.

परवानगी यायला त्यानंतरही पुष्कळ वेळ गेला. त्या काळात जिन्यात पाऊल वाजलं की आम्ही तिघंही बोलायचं थांबायचो. शेवटी आली. लंबूने आत्याला उचलून घेतलं आणि तिचं डोकं दिव्याला लागलं. "सोड, सोड! हाडं मोडायचा विचार आहे का?" ती ओरडली. मला वाटलं, चला, आता या घरातून संशय गेला.

गेला कुठला! लंबूला गावाबाहेरच्या एका कारखान्यात काम लागलं. पहिल्या दिवशी तो सकाळी निघाला, इस्त्रीचा सदरा घालून, मान ताठ करून. चौकटीला डोकं आपटलं तेव्हा त्याची मान परत वाकली. संध्याकाळी यायची वेळ झाली तरी तो आला नाही. फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. दिवेलागण झाली. मी खिडकीशी उभी होते आणि माझ्या डोक्यात ती मैत्रीण बोलायला लागली होती. कागद हातात पडले आणि पसार. काही झालं तरी मी तोंडातून काढणार नव्हते, पण निघालंच.

"आता त्याचं काम झालं," मी म्हणाले. "कशाला येईल तो?"

मला वाटलं होतं आत्या म्हणेल, मी सांगत नव्हते? तिने चहाचा कप खाली ठेवला आणि मला असं झापलं की लहानपणीही झापलं नसेल. "जिभेला काही हाड? येईल तो. अडकला असेल कुठे, नवीन जागा आहे. मूर्ख, तू त्याच्याशी नुसतं लग्न केलंयस. मी त्याला बघितलंय."

पायात चपला सरकवून ती खाली गेली. मी वरून बघत होते. रस्त्याच्या कडेला, दिव्याखाली, हाताची घडी घालून ती उभी राहिली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला निरखायला लागली. एका माणसाने तर तिच्याकडे बघून रस्ता बदलला.

लंबू आला तो धापा टाकत, उलट्या बाजूने. आत्याचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत आला. "कुठे होतास? आणि खोटं बोलू नकोस!" कारखान्याच्या फाटकावर फोन जमा करून घेतात, ते त्याला आधी माहीत नव्हतं. सुटल्यावर फोन परत घ्यायचा विसरला, चुकीच्या बसमध्ये बसला, भलत्याच टोकाला उतरला आणि चालत आला. चारही मजले आत्याची उलटतपासणी चालू होती. कुठली बस? कुठल्या रंगाची? कोणाला विचारलंस? तो प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होता, मोडकं, बायकी, पण पुरं.

किल्ली फिरली. दोघं आत आली तेव्हा मी नळापाशी उभी होते. लंबू माझ्याकडे बघून हसला. आत्या हसली नाही. ती जवळ आली आणि तिने माझं ओलं तोंड उजेडाकडे वळवलं.

"आणि तू गं?" ती म्हणाली. "तू का तोंड धुतलंस?"